अम्ब्रिज नक्की कुणाच्या बाजूची? – मुलांच्या पुस्तकांतले खलनायक आणि त्यांचे पूर्वग्रह

कवडसा

घरी हॅरी पॉटरचा पाचवा भाग मोठ्याने वाचणं चालू आहे. लेक पाचवीत आहे. सरकारने शाळेत पाठवलेल्या अम्ब्रिजबाई हॅरीला शिक्षा म्हणून स्वतःच्याच रक्ताने ओळी लिहायला लावतात ते प्रकरण झालं आणि तिने विचारलं, "ही डेथ ईटरच आहे ना?" डेथ ईटर म्हणजे खलनायक वोल्डेमॉर्टचे साथीदार. मी नाही म्हटलं तर ती चिडलीच. "मग ही कुणाच्या बाजूची?"

पुढे हॅरीचा धर्मपिता सिरियसही मुलांना हेच सांगतो, की जगात फक्त चांगली माणसं आणि डेथ ईटर एवढे दोनच गट नसतात. वेअरवुल्फविरोधी (म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसांविरोधी) कायदा अम्ब्रिजनेच लिहिला आणि त्यामुळे हॅरीचे आधीचे शिक्षक ल्युपिन यांना नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य झालं, हेही त्याच्याकडूनच कळतं. म्हणजे वोल्डेमॉर्ट परत यायच्या आधीपासून, चांगल्या म्हणवणाऱ्या सरकारात बसून, कायदेशीर मार्गाने ही बाई लोकांचं आयुष्य नासवत होती.

माझं मत सांगते. वोल्डेमॉर्टपेक्षा अम्ब्रिज मोठी खलनायिका आहे, कारण तिचा द्वेष सभ्य आहे. गुलाबी स्वेटर, मांजरांच्या चित्रांच्या बश्या, गोड आवाज. पण प्रश्न असा पडलाय की लहान मुलांसाठीच्या पुस्तकात खलनायक किती गुंतागुंतीचा असावा? आणि त्याचा गुन्हा जर दुसऱ्यांना हलकं समजणं हाच असेल, तर त्याला समजून घ्यायला मुलांना शिकवावं का? तुमचे अनुभव लिहा.

रातवा

स्नेप. बाकी चर्चा नंतर. 😀

शेवगा

रातवा, वाटच बघत होतो. स्नेपचं नाव पहिल्याच प्रतिसादात येणार याची खात्री होती.

मिरजेची_माई

कवडसा, धागा आवडला. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आणि तेव्हा वर्गात ही पुस्तकं हातोहात फिरायची. मुलं वोल्डेमॉर्टला घाबरत नसत, त्याच्या नकला करत. अम्ब्रिजचं नाव काढलं की मात्र वर्ग गप्प व्हायचा. कारण सरळ आहे. काळा जादूगार कुणीच पाहिलेला नसतो, पण गोड बोलून अपमान करणारं मोठं माणूस प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं.

स्नेपबद्दल शिक्षिका म्हणून बोलते. तिसऱ्या भागात बोगार्ट नावाचा जीव समोरच्याच्या सगळ्यात मोठ्या भीतीचं रूप घेतो. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याच्या आईवडलांना छळून वेडं केलं गेलंय, त्यांना तो इस्पितळात भेटायला जातो. आणि त्याचा बोगार्ट कोण? त्याचे रसायनाचे मास्तर, स्नेप. एवढं एक वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे. हॅरीच्या आईवर, लिलीवर, कितीही प्रेम असो, तेरा वर्षांच्या पोराच्या मनात तुम्ही ही जागा मिळवली असेल तर तुम्ही शिक्षक म्हणून नापास.

रातवा

माई, नेव्हिलचं मान्य. त्याला माफी नाहीच. पण माझा मुद्दा पूर्वग्रहाचा आहे, कारण धागा त्याचाच आहे. स्नेप स्वतः अर्ध्या रक्ताचा, बाप मगल, म्हणजे जादू नसलेला. जादूच्या शाळेत, हॉगवर्ट्सच्या पाचव्या वर्षाला असताना, भर अपमानाच्या क्षणी, तो लिलीला मडब्लड (मगल आईबापांच्या मुलांसाठीची शिवी) म्हणतो आणि मैत्री तिथेच संपते. नंतर तो डेथ ईटर होतो. पण सातव्या भागात फिनिअस नायजेलस या जुन्या मुख्याध्यापकाचं बोलणारं चित्र हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, तोच शब्द वापरतं तेव्हा स्नेप त्याच्या अंगावर ओरडतो, तो शब्द वापरू नकोस म्हणून. त्या वेळी खोलीत चित्रांखेरीज ऐकायला कुणी नाही. कुणावर छाप पाडायची नाही. माणूस बदलला याचा याहून मोठा पुरावा मला नको.

शेवगा

पण बदलला तो एका बाईसाठी. हॅरी आणि त्याचा बाप जेम्स मेले तरी चालेल, फक्त लिली वाचवा, अशी त्याची पहिली मागणी होती, आणि ते ऐकून मुख्याध्यापक डम्बलडोरलासुद्धा किळस येते. 'माझी ती चांगली, बाकीचे मेले तरी हरकत नाही' हा पूर्वग्रह सुटला म्हणायचा, की त्याला एक अपवाद केला म्हणायचा?

निळावंती

शेवगा यांनी अपवादाचं काढलं म्हणून लिहिते. या मुद्द्यावर सगळ्यात खरं पात्र स्लगहॉर्न आहे, आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. सहाव्या भागात तो हॅरीला प्रेमाने सांगतो की तुझी आई माझी फार लाडकी विद्यार्थिनी, इतकी हुशार की ती शुद्ध रक्ताचीच असणार असं मला वाटलं होतं. हॅरीचा चेहरा बदलतो तेव्हा लगेच म्हणतो, मी पूर्वग्रह बाळगणारा आहे असं समजू नकोस हं.

हे वाक्य मी पुण्यात घर भाड्याने शोधताना ऐकलंय, तोंडावर, चहा देऊन. "तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हो." आडनाव कळल्यानंतर घर मिळालं नाही ते वेगळंच. ते गृहस्थ वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही, त्यांनी मला दुसऱ्या दलालाचा नंबरही दिला. स्लगहॉर्न वाचला तेव्हा मला ते आठवले आणि पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

आणि तरी शेवटच्या लढाईत हाच स्लगहॉर्न मदत घेऊन परत येतो आणि हिरव्या रेशमी पायजम्यात थेट वोल्डेमॉर्टशी लढतो. हे मला पटतं. आयुष्यात अशीच माणसं जास्त भेटतात.

सह्यकडा

निळावंती, +१. 'शुद्ध रक्त' म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला जात आठवणारच. लेखिकेसमोर मात्र युरोप आहे. १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांत आजी-आजोबा किती ज्यू होते हे मोजून माणसाचं नागरिकत्व ठरवलं जात होतं. सातव्या भागात मगल कुटुंबात जन्मलेल्यांची नोंदणी करणारा जो आयोग आहे, त्याची वंशावळ तपासण्याची पद्धत तिथून आली आहे हे उघड दिसतं. वोल्डेमॉर्टच्या आधीच्या काळ्या जादूगाराचा, ग्रिंडेलवाल्डचा, पाडावही १९४५ सालीच झाला असं पुस्तकात आहे.

निळावंती

सह्यकडा, युरोपचा संदर्भ बरोबरच. पण मला जातीची आठवण शुद्ध रक्तावरून तितकीशी होत नाही, जादूगारांच्या घरी राबणाऱ्या छोट्या जीवांवरून, घरगुती एल्फांवरून होते. मगल कुटुंबातून आलेल्या हर्मायनीला निदान छडी मिळते, वर्गात पहिली येते. एल्फांना छडी बाळगायची बंदी. त्यांचं काम जन्माने ठरलेलं. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात शंभराहून जास्त एल्फ राबतात आणि हर्मायनीसारख्या मुलीलाही ते चौथ्या वर्षी कळतं, कारण चांगला एल्फ दिसता कामा नये हीच अपेक्षा. विंकी या एल्फला कामावरून काढलं तर ती मोकळी झाली म्हणून नाचत नाही, लाजेने पिऊन पडते. आणि हॅरीचा मित्र रॉन याच्यासारखा चांगला मुलगा म्हणतो, अगं त्यांना आवडतं ते! हे वाक्य कुणी कुणाबद्दल म्हटलेलं आपण ऐकलं नाही?

टिटवी

डॉबी या एल्फला मोजा देऊन सोडवतात (मालकाने कपडा दिला की एल्फ मोकळा) ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी घरातले सगळे मोजे गोळा करून कामाला येणाऱ्या शांतामावशींच्या पिशवीत भरले. मावशी म्हणाल्या, "अरे बाळा, मोकळी केलीस तर पगार कोण देणार?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मावशी सगळ्यात जास्त.

मिरजेची_माई

😀😀 टिटवी, मावशींनी एका वाक्यात एल्फांच्या हक्कांसाठी हर्मायनीने काढलेल्या संघटनेची अडचण सांगितली! ती एल्फांना न विचारता टोप्या लपवून ठेवते, एल्फ चिडून शाळेतल्या ग्रिफिंडॉर गटाची खोली साफ करायचंच सोडतात, आणि बिचारा डॉबी एकटा सगळं करतो.

सह्यकडा

हर्मायनीची पद्धत चुकली तरी प्रश्न तिनेच विचारला, बाकी कुणी नाही. पुस्तक तिच्या संघटनेच्या बॅजवर बरंच हसतं आणि मला ते खटकतं.

बंदरवाली

मी मस्कतला वाढले. लहानपणी नार्निया या मुलांच्या पुस्तकमालिकेची पारायणं केली. आणि मग शेवटचा भाग हातात आला, १९५६ चा. त्यातले शत्रुदेशाचे कॅलोरमेन लोक सावळे, फेटे बांधणारे, वाकड्या तलवारी, क्रूर देव. माझ्या शाळेतल्या अर्ध्या मैत्रिणींचे वडील तसे दिसायचे. इथे पूर्वग्रह खलनायकाच्या मनात नाही, खलनायक ज्या मातीचा घडवला त्या मातीतच आहे. कवडसाताई, तुमच्या प्रश्नाला ही बाजूही जोडा. वोल्डेमॉर्ट लोकांना रक्तावरून हलकं लेखतो आणि पुस्तक सांगतं की हे वाईट. कॅलोरमेन वाईट आहेत हे सांगताना मात्र पुस्तक स्वतःच रंग आणि पोशाख वापरतं.

तरी त्याच लेखकाने १९५४ च्या भागात अराविस ही कॅलोरमेन मुलगी नायिका केली, आणि शेवटच्या भागात एमेथ नावाच्या कॅलोरमेन सैनिकाला नार्नियाचा देवासारखा सिंह अस्लान जवळ करतो. तो एमेथ नसता तर मी ती मालिका मुलांना दिली नसती. आता देते, आणि सोबत बसून वाचते.

शेवगा

मग हॅरी पॉटरमधले गॉब्लिनही घ्या. लांब बोटं, धूर्त, बँक त्यांच्या ताब्यात. युरोपातल्या जुन्या ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांशी हे जुळतं असं बऱ्याच वाचकांनी लिहिलंय. पूर्वग्रहाविरुद्धचं पुस्तक, आणि त्यातच हे.

रातवा

शेवगा, चेहऱ्यामोहऱ्याचं मान्य. पण ग्रिपहूक या गॉब्लिनची बाजू पुस्तकात नीट मांडली आहे. रॉनचा भाऊ बिल हॅरीला समजावतो की गॉब्लिनांच्या मते वस्तू घडवणारा हाच तिचा खरा मालक, विकत घेणाऱ्याने ती फक्त आयुष्यभर वापरायची. म्हणजे ग्रिफिंडॉरची तलवार त्यांच्या हिशेबाने चोरीचीच. आणि हॅरी काय ठरवतो? तलवार देऊ म्हणायचं, पण कधी ते सांगायचं नाही. ग्रिपहूक फसवतो हे आपल्या लक्षात राहतं. हॅरीने आधीच फसवायचं ठरवलं होतं हे विसरतो.

पिंपळपान

चांगल्यांचे पूर्वग्रह ही खरी यादी करायला हवी. शाळेचा रखवालदार हॅग्रिड पहिल्याच भागात सांगतो की जे जे बिघडले ते सगळे स्लिदरिन गटाचे. हॅरीच्या आईबापांचा घात करणारा पीटर पेटिग्र्यू कुठला? ग्रिफिंडॉरचा. हॅरीचे व्हर्ननकाका डम्बलडोरबद्दल वाईट बोलले म्हणून हॅग्रिड त्यांच्या मुलाला, डडलीला, शेपूट लावतो, आणि आपण सगळे हसलो होतो. अकरा वर्षांचं पोर हो ते. ल्युपिन वेअरवुल्फ आहे कळल्यावर तीन वर्षांचा सगळा जिव्हाळा विसरून रॉन त्याला दूर हो म्हणतो.

टिटवी

पिंपळपान, तीन वर्षं नाही, ल्युपिन एकच वर्ष शिकवायला होता. बाकी १००% सहमत.

पिंपळपान

हो, एकच वर्ष. धन्यवाद.

मिरजेची_माई

आणि सिरियस! चौथ्या भागात तोच म्हणतो की माणसाची पारख करायची तर तो बरोबरीच्यांशी नव्हे, हाताखालच्यांशी कसा वागतो ते पाहा. आणि घरच्या एल्फशी, क्रीचरशी, कसा वागतो? अखेरीस तेच त्याच्या जिवावर बेततं.

निळावंती

माई, क्रीचरवरूनच मला सिरियसचा भाऊ रेग्युलस सांगायचाय. कवडसाच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तो आहे. रक्तशुद्धी मानणाऱ्या घरात वाढलेला, सोळाव्या वर्षी हौसेने डेथ ईटर झालेला मुलगा. त्याला कुणी व्याख्यान देऊन बदललं नाही. वोल्डेमॉर्टने गुहेत प्रयोग करायला त्याचा एल्फ मागून घेतला, विष पाजलं आणि मरायला सोडून दिलं. क्रीचर कसाबसा परत आला आणि त्याने काय झालं ते सांगितलं. एवढंच. ज्याच्या हातचं खाऊन तो मोठा झाला त्याचे हाल ऐकले आणि त्याची सगळी तत्त्वं गळून पडली. पुढच्या वेळी विष तो स्वतः प्यायला आणि क्रीचरला घरी जायला सांगितलं. अठरा वर्षांचा.

लेखिकेने त्याला एकाही प्रसंगात समोर आणलेलं नाही, क्रीचरच्या तोंडून सांगितलंय. म्हणजे ज्याला माणूस मानत नव्हते, तोच आपल्या मालकाच्या चांगुलपणाचा एकमेव साक्षीदार. मुलांना गुंतागुंत कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण दहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावं.

शेवगा

रेग्युलसबद्दल वाद नाही. पण माझी भीती वेगळी आहे. आजकाल प्रत्येक खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटवतात. टॉम रिडल, म्हणजे पुढचा वोल्डेमॉर्ट, अनाथाश्रमात वाढला, आईला बापाने टाकलं, म्हणून तो असा झाला. मुलं यातून काय घेणार? की बिचारा होता?

दरवळ

शेवगा, मी निराधार मुलांच्या संस्थेत काम करते, म्हणून हा प्रतिसाद. मला उलट काळजी वाटते. अनाथ म्हणजे गूढ, थंड, धोकादायक मूल, हे चित्र आमच्या मुलांच्या वाट्याला रोज येतं. दत्तक घ्यायला आलेली माणसं "रक्तात काय असेल कुणास ठाऊक" असं उघड बोलतात. म्हणून टॉम रिडलचं अनाथाश्रमातलं प्रकरण मी धास्तावून वाचलं.

पण पुस्तक तिथे थांबत नाही. हॅरीही अनाथ आहे, त्याचे जवळचे नातलग त्याला जिन्याखालच्या कपाटात ठेवतात. दुसरीकडे टॉमच्या आईचं घराणं, गाँट कुटुंब पाहा. शाळेच्या संस्थापकांपैकी एक, स्लिदरिन, त्याचं थेट रक्त, अंगठी आणि लॉकेट जपलेलं, आणि घर म्हणजे एक मोडकी झोपडी. स्वतःच्या मुलीला, म्हणजे टॉमच्या आईला, मेरोपीला, मोलकरणीसारखं राबवतात आणि जादू जमत नाही म्हणून शिव्या घालतात. रक्ताच्या अभिमानाने पहिला बळी घरातल्याच मुलीचा घेतला. टॉम अनाथाश्रमाने बिघडवला असं मला त्यातून वाटलं नाही. आपल्यात मगल बापाचं रक्त आहे ही गोष्ट त्याला सहन झाली नाही, म्हणून त्याने बाप मारला, नाव टाकलं, आणि मग स्वतःसारख्या सगळ्यांच्या मागे लागला.

शेवगा

दरवळ, हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. मेरोपीचा मुद्दा डोक्यात राहील.

धडगावकर

जरा अवांतर. वर नाकं आणि बोटांचा विषय निघाला म्हणून. मुलांच्या गोष्टीतली चेटकीण कायम म्हातारी, कुबड असलेली, एकटी राहणारी बाई का? 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण मलाही फार आवडते, प्रभावळकरांचं काम कोण विसरेल. पण मी सातपुड्यातला. आमच्याकडे डाकीण ठरवून बाईला मारतात, गावाबाहेर काढतात. बहुतेक वेळा ती विधवा असते, एकटी असते, कधी तिच्या नावावर जमीन असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं कुणाला चेटूक करणारं ठरवून छळणं गुन्हा आहे. कायदा यायला डॉ. दाभोलकरांचा जीव जावा लागला. मी नाटकावर बंदी घाला म्हणत नाही. पण आमच्या पाड्यावरच्या मुलांना चेटकिणीची गोष्ट सांगताना मला दहादा विचार करावा लागतो.

टिटवी

धडगावकर, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. पण नाटकातल्या चेटकिणीला पाहून खुर्चीत उड्या मारणाऱ्या मुलांचा आनंदही खराच आहे ना हो? तो काढून घ्यावा असं मनाला येत नाही.

धडगावकर

काढून घेऊ नका, ताई. दुसरीही एक चेटकीण द्या. हॉगवर्ट्सच्या शिक्षिका मॅकगोनॅगलबाई पण चेटकीणच आहेत की!

रातवा

व्वा! 👏

कवडसा

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण लेकीचा प्रश्न अजून तसाच आहे. तिला नियम हवाय, कुणाच्या बाजूची ते सांग. 'सगळेच थोडे वाईट असतात' म्हटलं तर ती म्हणते मग हॅरी आणि अम्ब्रिज सारखेच का?

सह्यकडा

सारखे नाहीत, आणि हे तिला ठामपणे सांगा. सहाव्या भागात मनोऱ्यावर हॅरीच्या वर्गातला ड्रेको डम्बलडोरवर छडी रोखून उभा असतो आणि बोलता बोलता हर्मायनीला मडब्लड म्हणतो. डम्बलडोर त्याला तो शब्द माझ्यासमोर वापरू नकोस म्हणतात. ड्रेकोला कळतच नाही, मी तुम्हाला मारणार आहे आणि तुम्हाला शब्दाचं पडलंय? हो, पडलंय. त्याच प्रसंगात ते ड्रेकोला वाचवायलाही बघतात. मुलाला समजून घेणं आणि शब्द खपवून न घेणं, दोन्ही एकाच वेळी. याच डम्बलडोरने तरुणपणी ग्रिंडेलवाल्डला मगलांवर राज्य करण्याबद्दल पत्र लिहिलं होतं, ते पुढे येईलच. फरक एवढा की त्यांना त्याची आयुष्यभर लाज वाटली.

निळावंती

आणि अम्ब्रिजला कधीच वाटली नाही. कवडसा, सातव्या भागापर्यंत थांबा. फज हा जादूमंत्री जातो, स्क्रिमजर येतो, मग वोल्डेमॉर्टच्या ताब्यातलं मंत्रालय येतं. तीन मंत्री होतात, अम्ब्रिजबाई मंत्रालयातच. तिला डेथ ईटर व्हावंच लागलं नाही, कारण जे तिला आधीपासून करायचं होतं तेच आता सरकारी काम झालं. नोंदणी आयोगासमोर आनंद शोषून घेणाऱ्या डिमेन्टरांच्या पहाऱ्यात बायकामाणसं रडत उभी असतात आणि तिचा पॅट्रोनस (डिमेन्टरांपासून वाचवणारं, प्रकाशाचं जादूई रूप), मांजर, तिच्याभोवती लख्ख चमकत असतो. पॅट्रोनस आनंदाशिवाय होत नाही हे तुमच्या लेकीला तिसऱ्या भागापासून माहीत आहे. ती बाई तिथे मनापासून आनंदी आहे. तेवढं वाचल्यावर कुणाच्या बाजूची हे ती तुम्हालाच सांगेल.

पिंपळपान

कवडसा, एक व्यावहारिक सूचना. त्याच भागात अम्ब्रिजच्या कचेरीच्या दारावर मारल्या गेलेल्या मूडी या जादूगाराचा डोळा बसवलेला आहे, आणि बथिल्डा बॅगशॉटचं प्रकरण तर फारच भयानक आहे. मोठ्याने वाचण्याआधी ती पानं स्वतः चाळून घ्या, आणि झोपायच्या वेळी नको, रविवारी दुपारी वाचा.